एका मेलमध्ये पत्त्यांच्या ५ लाख ओळी! मेल सर्व्हर थकवणारी ही त्रुटी नेमकी काय होती?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या लहान कारखान्याचा बराच कारभार आज मेलवर चालतो. पर्चेस ऑर्डर, ड्रॉइंग, पेमेंटची सूचना, सगळं कंपनीच्या मेल आयडीवर येतं. मेल अर्धा दिवस बंद पडला तर तयार माल गेटवरच अडकू शकतो.

मेल बंद पाडायला दरवेळी पासवर्ड चोरावा लागतोच असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये डव्हकॉट या सॉफ्टवेअरमधली जी त्रुटी जाहीर झाली, ती हेच सांगते.

डव्हकॉट म्हणजे काय?

मेल सर्व्हरवर आलेली पत्रं नीट ठेवायची आणि मोबाइल किंवा आउटलुकवर उघडून दाखवायची, हे डव्हकॉटचं काम. फिनलंडच्या टिमो सिरैनेन यांनी ते तयार केलं. ते मोफत आणि मुक्त आहे. वेब होस्टिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या सीपॅनलमध्येही तेच असतं. त्यामुळे अनेक छोट्या कंपन्या नाव न ऐकताही ते वापरत असतात.

त्रुटी काय होती?

प्रत्येक मेलच्या वरच्या भागात ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘सीसी’ अशा पत्त्यांच्या ओळी असतात. एरवी त्या दोन-चार असतात. पण कुणी मुद्दाम लाखो ओळी घातल्या तर?

डव्हकॉट प्रत्येक नवा पत्ता यादीच्या शेवटी जोडायचं, आणि तो शेवट शोधायला दरवेळी यादीच्या सुरुवातीपासून निघायचं. रेशन दुकानाच्या रांगेत येणारा प्रत्येक माणूस आधी खिडकीपाशी जाऊन तिथून शेपटापर्यंत चालत आला तर जे होईल, तेच इथे व्हायचं.

डव्हकॉटच्या टीमनं दिलेले आकडे बोलके आहेत. १ लाख ओळींना १२ सेकंद. प्रत्यक्ष वापरातल्या एका सर्व्हरवर ५ लाख ओळींना १८ मिनिटं. म्हणजे ओळी पाचपट, वेळ नव्वदपट! असे बरेच मेल आले की सर्व्हरची सगळी ताकद त्यांच्यातच खर्च होते आणि खरे मेल ताटकळतात. यालाच ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. यात डेटा चोरीला जात नाही, सेवा अडते.

या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२४-२३१८४. तिच्यासोबतच अवाढव्य हेडरमुळे मेमरी भरून जाण्याची दुसरी त्रुटी, सीव्हीई-२०२४-२३१८५, जाहीर झाली. दोन्हींची दुरुस्ती २.३.२१.१ या आवृत्तीत आली.

मग काळजी कशाची?

दुरुस्ती मोफत असली तरी ती सर्व्हरवर कुणीतरी बसवावी लागते. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक कंपन्यांचे मेल असतात. एका ट्रान्सफॉर्मरवर ताण आला की अख्ख्या गल्लीची वीज जाते, तसा एकावरचा हल्ला शेजाऱ्यांनाही भोवतो.

काय करावं?

• मेल सांभाळणाऱ्या व्हेंडरला थेट विचारा: या दोन्ही त्रुटींची दुरुस्ती बसवली आहे का? फक्त आवृत्तीचा आकडा बघू नका. डेबियन, उबुंटूसारख्या सिस्टिम जुन्याच आकड्याच्या आवृत्तीत दुरुस्ती घालून देतात.

• मेल डव्हकॉटपर्यंत पोचण्याआधीच पत्त्यांच्या ओळींवर मर्यादा घालायला सांगा. मेलच्या आकारावरची मर्यादा पुरेशी नाही, कारण ५ लाख छोट्या ओळी काही एमबींत मावतात.

• हल्ला झालाच तर तो दडवू नका. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा हल्ल्याची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायची असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार मुद्दाम सेवा अडवणं हा गुन्हा आहे.

कारखान्यातल्या मशिनला वेळच्या वेळी तेल-पाणी केलं जातं. ऑर्डर आणणाऱ्या मेल सर्व्हरलाही तेच लागतं. तुमच्या कंपनीचा सर्व्हर शेवटचा कधी अपडेट झाला, हे उद्याच विचारून बघा.