हैदराबादला शिकायला जाताना लॅपटॉप कोणता घ्यावा?

उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठणाऱ्या गोमंतकीय विद्यार्थ्यांच्या घरी प्रवेश निश्चित होताच लॅपटॉपचा प्रश्न उभा राहतो. शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च भागवून उरलेल्या पैशांत ही खरेदी करायची असते. म्हणूनच किमतीआधी अभ्यासक्रम पाहणे हिताचे ठरते.

गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीसारख्या संस्थेत संगणकशास्त्र शिकणाऱ्यास १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी उपयोगी पडते. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी प्रारूपे बहुधा सर्व्हरवर किंवा गुगल कोलॅबवर घडवली जातात. त्यांच्यासाठी महागड्या ग्राफिक्स कार्डाची घाई नको. यंत्र अभियांत्रिकीतील त्रिमितीय आराखड्यांना मात्र ते साहाय्यभूत होते. शिवाय सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच बनलेले असल्याने तेथे मॅकबुक अडचणीचा ठरतो.

१९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठात इतिहास वा भाषा, अथवा नालसारमध्ये कायदा शिकणाऱ्यांचे काम वाचन-लेखनाचे. त्यांना ८ जीबी रॅम पुरते. वजन कमी आणि बॅटरी दीर्घकाळ टिकणारी असावी.

अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. ही चौकशी आधीच करावी. विभागाने सांगितलेली सॉफ्टवेअरे कळेपर्यंत थांबणे शक्य असल्यास थांबावे. सिकंदराबादच्या पार्क लेनमधील चेनॉय ट्रेड सेंटर ही संगणकांची जुनी बाजारपेठ हाताशी असतेच. पक्के बिल आणि वॉरंटी मात्र विसरू नये.