ओट्यापासून दोन हात लांब

दिवाळीला माझा भाचा न्यू जर्सीहून आला, तो आजीसाठी रेडिओ घेऊनच. पांढराशुभ्र, पावाच्या लादीएवढा, काचेमागे निळे आकडे उमटणारा. आईनं तो दोन्ही हातांनी धरून फिरवून पाहिला आणि लगेच स्वयंपाकघरात नेला. तिच्या लेखी रेडिओची जागा तीच.

ती जागा तिला सहज मिळालेली नाही. तिच्या लहानपणी रेडिओ बाहेरच्या खोलीत, भरतकामाच्या रुमालाखाली असायचा. १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा माझी आजी पोळपाट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओढून आणायची आणि लाटता लाटता ऐकायची, असं आई सांगते. ऐकणारी आत आणि रेडिओ बाहेर. पुढे ट्रान्झिस्टर आले, रेडिओ ओट्यापर्यंत पोचला आणि बाईच्या कामाला सोबत झाली. स्वयंपाक करताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे. टीव्ही डोळे मागतो, मोबाईल बोट मागतो. रेडिओ यातलं काहीच मागत नाही. म्हणून स्वयंपाकघरात मला तो फार मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच तो नीट बसवायला हवा. ओल्या, पीठ लागलेल्या हातांनी त्याला हात लावायची वेळच येऊ नये, अशी त्याची मांडणी हवी.

त्या दिवशी मात्र वेगळीच अडचण आली. आईला पुणे केंद्र हवं होतं, मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्‌झ. बटण दाबत गेले तर आकडा ७८० वरून ७९० वर आणि तिथून थेट ८०० वर उडी मारायचा. ७९० वर बोलणं ऐकू यायचं, पण तोंडात घास धरून बोलावं तसं. विविध भारतीसाठी एफएमवर १०१ लावायला गेले तर १००.९ नंतर एकदम १०१.१. मधलं स्टेशन जणू जगात नव्हतंच. भाच्याला वाटलं, रेडिओच बिघडलेला निघाला.

रेडिओ ठणठणीत होता, फक्त त्याचा जिना अमेरिकेचा होता. जुन्या रेडिओत चकती फिरवून काटा हवा तिथं थांबवता येई. डिजिटल रेडिओ पायऱ्यापायऱ्यांनी चालतो आणि या पायऱ्यांची उंची देशागणिक बदलते. आपल्याकडे मध्यम लहरींवरची स्टेशनं ९ किलोहर्ट्‌झच्या अंतरानं बसवलेली आहेत. मुंबईचं ५५८ असो, पुण्याचं ७९२ असो, प्रत्येक आकड्याला ९ नं पूर्ण भाग जातो. अमेरिकेत हे अंतर १० चं. एफएमवर तिथं दशांशाच्या जागी नेहमी विषम आकडा येतो : १००.१, १००.३, १००.५. त्यामुळे मुंबईचे १००.१ आणि १०७.१ त्या रेडिओवर सुखानं लागतील, पुण्याचं १०१ लागणार नाही. जपानहून आणलेल्या जुन्या रेडिओची गत आणखी वाईट. तिथलं एफएम पूर्वी ७६ पासून ९० मेगाहर्ट्‌झपर्यंतच होतं, म्हणजे आपली बहुतेक स्टेशनं त्याच्या कक्षेबाहेर.

बऱ्याच रेडिओंमध्ये ही पायरी बदलता येते. सेटिंगमध्ये प्रदेश किंवा देश निवडायची सोय असते. काहींत रेडिओ बंद ठेवून एखादं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. माहितीपुस्तिका फेकू नका असं मी म्हणते ते यासाठी. आमच्या रेडिओत ‘९’ हा पर्याय चौथ्या पानावर सापडला आणि पुणे केंद्र स्वच्छ बोलू लागलं. आईनं लगेच आधण ठेवलं.

परदेशातून रेडिओ आणणाऱ्यांनी, किंवा मुलांना आणायला सांगणाऱ्यांनी, आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खोक्यावर ‘डिजिटल’ लिहिलेलं असतं, पण त्या शब्दाचा अर्थ देशोदेशी वेगळा आहे. युरोपात डॅब आणि त्याची सुधारलेली आवृत्ती डॅब प्लस चालते. बीबीसीनं डॅब १९९५ मध्येच सुरू केलं आणि नॉर्वेनं २०१७ मध्ये आपली राष्ट्रीय स्टेशनं एफएमवरून काढून डॅबवर नेली. यात एकाच लहरीवर अनेक कार्यक्रम एकत्र बांधून पाठवतात, रेडिओ ते सोडवतो आणि पडद्यावर आकड्याऐवजी स्टेशनचं नाव येतं. अमेरिकेत एचडी रेडिओ नावाची निराळी पद्धत. आपल्या आकाशवाणीनं मध्यम लहरींसाठी डीआरएम निवडलं. तेही चांगलं तंत्र आहे, त्यात मध्यम लहरींची खरखर जाऊन एफएमसारखा आवाज येतो. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये असा रेडिओ बसवलेला मिळतो, पण घरात ठेवायचे डीआरएम रेडिओ दुकानात सहज दिसत नाहीत आणि दिसले तर महाग असतात. या तिघांची भाषा एकमेकांना कळत नाही. लंडनमधल्या मराठी घरात ओट्यावरच्या कपाटाखाली स्क्रूनं बसवलेला डॅब रेडिओ उत्तम वाजेल. तोच नाशिकला आणला तर त्यातला फक्त एफएमचा भाग उपयोगी पडेल. मग जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे? आज आपल्या स्वयंपाकघरासाठी ‘डिजिटल’चा अर्थ आकड्यांनी स्टेशन लागणारा, स्टेशनं लक्षात ठेवणारा एफएम आणि मध्यम लहरींचा रेडिओ, किंवा वायफायवर चालणारा इंटरनेट रेडिओ, एवढाच.

इंटरनेट रेडिओ कोकणातल्या किंवा दूर देशातल्या माणसाला वरदानच आहे. डोंगराआड एफएम पोचत नाही तिथंही आकाशवाणीची स्टेशनं ऐकता येतात. पण त्याचे काही स्वभाव माहीत असावेत. असे पुष्कळ रेडिओ वायफायचा २.४ गिगाहर्ट्‌झचाच पट्टा ओळखतात. घरचा राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर असेल तर रेडिओला तो दिसतच नाही आणि माणूस पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो. मायक्रोवेव्हही याच २.४ च्या आसपास काम करतो, म्हणून दूध गरम करायला ठेवलं की शेजारचा रेडिओ अडखळायला लागतो. दोघांना एकमेकांपासून लांब ठेवा. शिवाय, स्टेशनांची यादी या रेडिओंना कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवरून मिळते. ती सेवा बंद पडली की रेडिओ चांगला असूनही मुका होतो. रेसिव्हा नावाची अशी सेवा २०२१ मध्ये बंद झाली तेव्हा जगभरातल्या अनेक रेडिओंवर ही वेळ आली. म्हणून इंटरनेट रेडिओ घेतलात तरी त्यात साधं एफएम असेल असं पाहा. पावसाळ्यात वायफाय जातं, वीज जाते. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे किती भागांत वीज गेली होती ते आठवा. अशा वेळी सेलवर चालणारा साधा एफएम उपयोगी पडतो.

आता रेडिओ ठेवायचा कुठं? आईनं आमचा रेडिओ आधी ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी ठेवला होता. नळापासून वीतभर अंतरावर. तो मी तिथून उचलला तेव्हा ती थोडी नाराज झाली, कारण तिला तो जवळ हवा होता.

मी एक साधा नियम धरते : एक हात नळावर ठेवला तर दुसरा हात रेडिओपर्यंत पोचता कामा नये. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं त्याच्या पलीकडे रेडिओ. ओला हात, जमिनीशी जोडलेला धातूचा नळ आणि विजेवर चालणारी वस्तू, ही तिन्ही एका माणसाच्या अंगातून जोडली जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा विचार. सेलवर चालणाऱ्या रेडिओचा शॉक बसत नाही. अडॅप्टरवर चालणाऱ्या रेडिओच्या वायरीतही पाच-बारा व्होल्टच असतात. खरा धोका भिंतीतल्या २३० व्होल्टचा, म्हणजे प्लगशी, अडॅप्टरशी आणि आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या, थेट विजेवरच्या रेडिओशी. त्यामुळे रेडिओइतकीच त्याच्या सॉकेटचीही जागा पाहा. सिंकच्या वरचा सॉकेट नको. फ्रिज, मिक्सर आणि रेडिओ एकाच ढिल्या मल्टीप्लगमध्ये तर मुळीच नको. घरच्या मीटरजवळ ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या. थोडीशी वीज जरी भलत्या वाटेनं जमिनीकडे जाऊ लागली तरी आरसीसीबी क्षणार्धात पुरवठा तोडते. हा खर्च रेडिओसाठी नसून घरातल्या माणसांसाठी आहे.

भाच्यानं आणलेल्या अडॅप्टरच्या पिना अमेरिकी, चपट्या. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. अडॅप्टरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तरच तो इथं लावावा. नुसतं १२० लिहिलेलं असेल तर पिना बदलणाऱ्या टोपीनं काही होत नाही, लावताक्षणी तो जळतो. आमच्यावर १०० ते २४० होतं, पण पिनांची टोपी सॉकेटात डुगडुगत होती, आणि डुगडुगणारा प्लग तापतो. म्हणून मी इथलाच नवा अडॅप्टर घेतला : व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि टोकाची धन-ऋण बाजू जुन्यासारखीच. त्यावर बीआयएसच्या नोंदणीची खूणही पाहून घेतली.

शेवटी रेडिओ ओट्यासमोरच्या भिंतीवरच्या फळीवर गेला, आईच्या खांद्याच्या उंचीला. शेगडीच्या वर तर नाहीच. तिथं वाफ आणि फोडणीचा धूर जातो. रेडिओत लिथियमची बॅटरी असेल तर ती उष्णतेनं लवकर खराब होते, आणि तापलेल्या जागी चार्जिंगला लावणं तर धोक्याचंच. ‘पाण्याचे शिंतोडे सहन करतो’ असं सांगणारं आयपीएक्स ४ शेगडीवरच्या वाफेसाठी नसतं. फ्रिजवर ठेवायचा मोहही टाळा. फ्रिज, स्टीलची मांडणी आणि डब्यांची रांग अशा धातूच्या आडोशाला लहरी अडतात. इंडक्शनची शेगडी, मोबाईलचा चार्जर आणि काही एलईडी दिवे मध्यम लहरींत घूं-घूं आवाज सोडतात. तसा आवाज आला तर एकेक वस्तू बंद करून पाहा, चोर सापडतो. मध्यम लहरींसाठी रेडिओच्या आत एक कांडी असते, तिला दिशा कळते, म्हणून रेडिओ पाव वळसा फिरवला तरी फरक पडतो. एफएमची काडी किंवा लोंबती वायर पाऊण मीटरच्या आसपास पूर्ण लांब करून खिडकीच्या बाजूला न्या. त्या वायरीचं टोक शेगडीच्या दिशेनं कधीही लोंबू देऊ नका.

फळीवर गेलेल्या रेडिओला सतत हात लागू नये म्हणून स्टेशनं लक्षात ठेवायची सोय वापरली. स्टेशन लावायचं, क्रमांकाचं बटण आवाज येईपर्यंत दाबून धरायचं. १ वर विविध भारती, २ वर पुणे केंद्र. आईला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून बटणांवर लाल आणि हिरवी टिकली चिकटवली. सकाळी ठरल्या वेळी रेडिओ आपोआप सुरू व्हावा असं गजराच्या घड्याळात लावून दिलं. त्यामुळे पीठ मळायला घेण्याआधी एकदा कोरडा हात लागतो, तेवढा पुरतो.

आवाज किती असावा यावर मात्र आमचा वाद झाला. आईला मोठा लागतो. पण स्वयंपाकघरात कान हाही कामाचा अवयव आहे. मोहरी तडतडल्याचं, कुकरच्या शिट्ट्यांचं, तळणाचा आवाज मंदावल्याचं कानच सांगतात. दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस नुसता सूं-सूं करत राहतो, तो आवाज गाण्याखाली दबू नये. आम्ही तोडगा काढला : कुकरची पहिली शिट्टी शेजारच्या खोलीत जितकी स्पष्ट ऐकू येते, तितकी ती ओट्याशी रेडिओ चालू असतानाही आली पाहिजे. त्याहून आवाज वर जाऊ लागला तर कमी करायचा.

आणि गॅसचा वास आला तर रेडिओला हात लावायचा नाही. बंद करायलासुद्धा नाही. हे मी आईला तीनदा सांगितलं, कारण पहिली ऊर्मी सगळं बंद करायची असते. बटण दाबताना किंवा प्लग ओढताना बारीकशी ठिणगी पडू शकते. सिलिंडरमधला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचून राहतो. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, पंखाही लावायचा नाही, घराबाहेर यायचं आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करायचा. रेडिओ आत गात राहिला तर राहू दे.

रेडिओवर पाणी सांडलं तर तो उचलायला धावू नका, आधी मेन स्विच. सेलवर चालवत नसाल तर सेल काढून ठेवा, ते गळले की आतल्या पट्ट्या गंजतात. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की, वीज कडाडायच्या आधीच, कोरड्या हातानं प्लग काढावा. आणि महिन्यातून एकदा प्लग काढून जाळी पुसावी, कारण फोडणीचं तेल हवेतून येऊन तिथं बसतं, त्यावर धूळ, आणि आवाज हळूहळू घोगरा होतो. कोरडं फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे, फवारा मारायचा नाही.

मागच्या रविवारी गेले तर आईनं ब्रश आधीच काढून ठेवला होता. रेडिओ फळीवर, हिरव्या टिकलीवर पुणे केंद्र, आणि ती ओट्याकडे पाठ करून कोथिंबीर निवडत होती. मी आवाज थोडा वाढवायला हात पुढं केला, तर म्हणाली, “थांब, कुकरची अजून एक शिट्टी व्हायची आहे.”