फी माफ झाली, तरी पैसे कुठे लागतात?

बारावीचा निकाल लागला की आपल्या गटांच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. लेकीचा प्रवेश असतो. घरातली माणसं म्हणतात, "मुलींचं शिक्षण मोफत झालंय ना, मग पैसे कशाला?" ऐनवेळी सोय झाली नाही, की लेकीचं कॉलेज राहतं आणि स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून आज हा हिशेब समजून घेऊ.

मोफत म्हणजे नेमकं काय? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं माफ होतं. अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. अभिमत विद्यापीठ आणि खाजगी विद्यापीठ यांनाही नाही. म्हणून कॉलेज निवडताना आधी विचारा, "हे कोणत्या विद्यापीठाखाली येतं?" अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे.

आता राहिलेला खर्च. खोली, मेस, पुस्तकं, प्रवास, अनामत रक्कम. हा माफ नाही. पुण्याला ठेवायचं तर हाच खर्च मोठा. पुणतांब्याहून श्रीरामपूर किंवा कोपरगावला रोज जाऊन-येऊन शिकता येत असेल, तर खोली आणि मेस वाचते. एसटीच्या विद्यार्थी पासाला भाड्याच्या एक तृतीयांशच पैसे पडतात.

बाहेर राहावंच लागलं, तर वसतिगृहासाठी अर्ज करा. नाही मिळालं, तर निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम्, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख भत्ता. पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजनाही आहे.

एवढं करूनही कमी पडलं, तर सावकाराआधी बँकेत जा. शेकडा तीन रुपयांनी ४०,००० घेतले, तर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये नुसतं व्याज. मुद्दल जागेवरच. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला साधारण ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त अडतं ते कागदांवर. निकालाची वाट पाहू नका. लेक बारावीत गेली की उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते, राहात्याच्या सेतू केंद्रात विचारून सुरू करा. लेकीच्या नावाचं बँक खातं आधारला जोडा. शिष्यवृत्ती त्यातच येते. महाडीबीटीवर अर्ज दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप होत नाही.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं एक वही करावी: कोणाची लेक बारावीत आहे, कोणता दाखला राहिलाय. बचतीबरोबर तेही दर महिन्याला वाचू. कागद वेळेत झाले, तर गटाचं कर्जही कमीच लागेल.