मूठभर तांदळाचे मिशन

मिझोराममधील प्रेस्बिटेरियन चर्चच्या मिशनकार्याचा एक मोठा आधार घरोघरच्या स्वयंपाकघरात आहे. भातासाठी तांदूळ काढून घेतल्यावर गृहिणी त्यातील एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. साठलेले तांदूळ चर्चच्या महिला संघटनेच्या सदस्या घरोघरी जाऊन गोळा करतात. मग ते विकले जातात आणि आलेली रक्कम धर्मकार्यासाठी दिली जाते. मिझो भाषेत या प्रथेला 'बुहफाई थाम', म्हणजेच 'मूठभर तांदूळ', असे नाव आहे. १९१० च्या सुमारास रुजलेल्या या प्रथेतून आज वर्षाकाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात.

दानाला हे रूप का मिळाले, याचे उत्तर त्या काळच्या परिस्थितीत आहे. वेल्समधील प्रेस्बिटेरियन मिशनचे काम खासी टेकड्यांत १८४१ मध्ये सुरू झाले. याच मिशनचे डी. ई. जोन्स १८९७ मध्ये ऐजॉलला पोहोचले. डोंगरउतारावर झूम शेती करणाऱ्या मिझो कुटुंबांच्या हाती रोख पैसा फारसा नसे; मात्र चुलीवर भात रोज शिजे. त्यामुळे देण्याची ऐपत श्रीमंतीवर अवलंबून राहिली नाही. ज्या घरी जेवायला आहे, त्या घरी द्यायलाही काही आहे, हा विचार त्यामागे होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

मिशन म्हटले की परदेशी पैसा, असे समीकरण सामान्यतः मांडले जाते. महाराष्ट्रातील अनुभवही तसाच होता. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय कार्यामागे अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशन मंडळ उभे होते. मिझोराममध्ये या समीकरणाची कसोटी लागली. १९६६ मध्ये तेथे सशस्त्र उठाव झाला आणि १९६८ च्या सुमारास उरलेल्या वेल्श मिशनऱ्यांना प्रदेश सोडावा लागला. तरीही पाळकांचे वेतन, शाळा आणि ऐजॉलजवळच्या दुर्तलांग येथील रुग्णालय यांची जबाबदारी स्थानिक चर्चने पेलली. उत्पन्नाचा दशांश आणि मुठीचे तांदूळ यांचे पाठबळ त्यामागे होते. एकेकाळी मिशनरी स्वीकारणारे हे चर्च आज भारतातील अन्य राज्यांत आणि परदेशांतही आपले मिशनरी पाठवते.

'प्रेस्बिटेरियन' हे नाव 'वडील' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून स्थानिक कारभार पाहतात. त्यावर प्रेस्बिटरी, सिनॉड आणि महासभा अशी रचना असते. मिशनचा खर्च आणि नेमणुका या निर्वाचित सभांमधून ठरतात.

नेमकी येथेच या प्रथेतील विसंगती दिसते. तांदूळ बाजूला काढणे, ते गोळा करणे आणि विकणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियांची. वडील आणि पाळक ही पदे मात्र प्रदीर्घ काळ पुरुषांकडेच राहिली. आता शहरातील नोकरदार कुटुंबे तांदूळ विकत आणतात, तरी त्यातून मूठ निघतेच. मिझो चर्चच्या स्वावलंबनाचे कौतुक जरूर व्हावे. परंतु ज्यांच्या हातांनी ते उभे राहिले, त्यांना निर्णयप्रक्रियेत किती वाटा मिळाला, हेही त्यासोबत पाहिले पाहिजे.