खेळाडू विद्यार्थ्यानें महाविद्यालय कसें निवडावें?



त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील डोंगरपाड्यांवर वाढलेल्या मुलामुलींना पायांची मेहनत नवी नसते. शाळा दूर, पाणी दूर; दम आपोआप वाढतो. याच तालुक्यांतील सावरपाड्यांतून कविता राऊत पुढें आली. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत तिनें दहा हजार मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें, आणि त्याच वर्षीं चीनमधील ग्वांगझौ येथील आशियाई स्पर्धांत रौप्यपदक. तिचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाड्याची चढण आणि तें पदक यांच्यामध्यें नाशिकचें मैदान व विजेंद्र सिंग यांच्यासारखा मार्गदर्शक होता, हें पुष्कळदां विसरलें जातें.

दहावीचा निकाल लागला कीं घरांत प्रश्न निघतो, आतां कॉलेज कोणतें? बहुधा उत्तर ठरलेलें असतें. जें जवळ आहे तें, किंवा ज्याच्या कपाटांत ढाली अधिक आहेत तें. पण ढाली खेळून गेलेल्यांच्या असतात. आपल्या मुलास पुढचीं पांच वर्षें काय मिळणार, हें त्या सांगत नाहींत.

हीं पांच वर्षें एकसारखीं नसतात. अकरावी-बारावीचा विद्यार्थी कॉलेजांत बसला तरी शालेय क्रीडास्पर्धांतच, एकोणीस वर्षांखालील गटांत, धांवतो. पदवीच्या पहिल्या वर्षापासून त्याला विद्यापीठाची वाट खुली होते: आधीं आंतरमहाविद्यालयीन सामने, मग विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठीय स्पर्धा. ही वाट किती लांब जाते याचा दाखला नाशिक जिल्ह्यांतीलच आहे. संजीवनी जाधव हिनें २०१७ सालीं तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धांत दहा हजार मीटरमध्यें रौप्यपदक जिंकलें. म्हणून बारावीनंतर येथेंच राहतां येईल का, हें अकरावीलाच विचारावें.

निवड करतांना पालकांनीं एक दिवस मोडून महाविद्यालय पाहून यावें. पण अकरा वाजतां कचेरींत नव्हे, सकाळीं सहा वाजतां मैदानावर. तेथें मार्गदर्शक स्वतः हजर आहे काय? तो आपल्या मुलाचाच खेळ शिकवितो काय? कबड्डीच्या उत्तम शिक्षकापाशीं लांब पल्ल्याच्या धांवपटूचें भागत नाहीं. मुलगी असेल, तर तिच्याबरोबर सराव करणाऱ्या आणखी मुली आहेत काय? एकटी पडलेली मुलगी बहुधा पहिल्याच वर्षीं घरीं परतते.

मग मुक्कामाचा विचार. त्र्यंबकेश्वर ते नाशिक सुमारें २८ किलोमीटर. रोज दोन्ही वेळा एस. टी.नें जाणाऱ्या मुलाची विश्रांति प्रवासांतच संपते. आणि विश्रांतीवांचून सराव म्हणजे दुखापतीला आमंत्रण. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीं शासकीय वसतिगृहें आहेत. तेथें जागा न मिळाल्यास भोजन-निवासाचा खर्च खात्यांत जमा करणारी स्वयंम् योजना आहे. अर्ज मात्र वेळेवर करावा. सकाळच्या सरावानंतर मुलास खावयास काय व केव्हां मिळेल, हेंहि विचारण्यास संकोच करूं नये.

शेवटीं पुस्तकांचें. स्पर्धेमुळें बुडालेल्या तासांची हजेरी कशी धरतात आणि राहिलेली परीक्षा केव्हां घेतात, हें प्राचार्यांकडून समजून घ्यावें. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव असतात. पण पदासाठीं ठरलेली शैक्षणिक पात्रता खेळाडूलाहि लागतेच. आणि घोटा एकदां मुरगळला कीं पदक राहून जाऊं शकतें. पदवी राहतां कामा नये.

मोठ्या नांवाचें महाविद्यालय सर्वांनाच मिळणार नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं. ज्या मैदानावर रोज कोणी आपल्या मुलाची वाट पाहील, ज्याच्या जवळ त्याला झोंप व अन्न मिळेल, आणि ज्याच्या वर्गांत त्याची जागा राखली जाईल, तेंच त्याचें महाविद्यालय. सहा वाजतां मैदानावर कोण होतें हें पाहून या. अर्ज मग भरा.