मेंदूतली चिप ऐकते काय?

मेंदूत बसवायच्या चिपपैकी सर्वांत जास्त वापरून पाहिलेली चिप जेमतेम चार मिलिमीटर लांब-रुंद आहे. मसुराच्या दाण्याहून फार मोठी नाही, आणि एका अंगाला दहा बाय दहा अशा शंभर सुया. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी ती घडवली, म्हणून ती ‘युटा ॲरे’. हळूहळू दाबली, तर मऊ मेंदू खाली दबतो आणि सुया आत शिरत नाहीत; म्हणून हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोडीने क्षणार्धात ठोकून ती बसवतात.

चेतापेशी चेतली की मिलिसेकंदभराचा विजेचा ठोका उठतो; सुईपाशी तो साधारण व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरतो. सुईला ऐकू येतात त्या अगदी शेजारच्या पेशी. बाकीच्या गोंगाटात हरवतात. हात हलवायचे मनात आले की कोणत्या पेशींचे ठोके वाढतात, हे संगणक शिकून घेतो आणि पडद्यावरचा बाण सरकवतो. २००४ मध्ये ‘ब्रेनगेट’ चाचणीत हातपाय लुळे पडलेल्या तरुणाला हे साधले. २०२३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये वाचा गेलेल्या रुग्णाच्या बोलण्याच्या प्रयत्नातून मिनिटाला ६२ शब्द उमटले. याला ‘मन वाचणे’ म्हणायची हौस मथळ्यांची. चिप टिपते ती स्नायूंकडे निघालेली आज्ञा. उलटा निरोपही जातो: पिट्सबर्गमध्ये रोबोच्या बोटाला हात लावला की रुग्णाला तो स्पर्श स्वतःच्या हातात जाणवायचा.

खरा पेच आहे तो मऊ आणि कडक यांच्या संसाराचा. मेंदू नाडीगणिक हलतो, सिलिकॉन हलत नाही. सुयांभोवती व्रण धरतो आणि हळूहळू त्यांना कमी ऐकू येऊ लागते. इलॉन मस्क यांच्या ज्या न्यूरालिंक कंपनीची एवढी चर्चा आहे, तिने यावर लवचीक धाग्यांचा उपाय काढला: ६४ धागे, १,०२४ इलेक्ट्रोड, ओवायला यंत्रमानव. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूत ते बसले आणि काही आठवड्यांतच बरेचसे मागे सरकले. मग सॉफ्टवेअर बदलून उरलेल्या धाग्यांवर काम भागवावे लागले. या १,०२४ इलेक्ट्रोडसमोर मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी आहेत, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

‘सिंक्रॉन’ कंपनी मेंदूला टोचतच नाही. गळ्यातल्या शिरेतून १६ इलेक्ट्रोडची जाळी मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरेत नेऊन ठेवते. कवटी उघडावी लागत नाही. पण एकेका पेशीचा आवाजही मिळत नाही, मिळतो तो जमावाचा कल्लोळ.