ब्लॉकचेन शाबूत, नाणी गायब

“ब्लॉकचेन कुणी हॅक करू शकत नाही, त्यामुळे माझे कॉइन सुरक्षित आहेत.” क्रिप्टोचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. कॉलेजातली मुलं म्हणतात, आयटीत नोकरी करणारे म्हणतात, आणि निवृत्तीच्या पैशातले चार-पाच लाख गुंतवून बसलेली मंडळीही म्हणतात. यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे, दुसरा खोटा. पहिल्यावरून दुसरा आपोआप सिद्ध होतो ही समजूत तर सगळ्यांत महागात पडणारी. तिच्यापायी लोकांचे हजारो कोटी रुपये अडकले किंवा बुडाले, तरी ती हटायला तयार नाही. म्हणून तिचाच समाचार आधी घेऊ.

आधी खरा भाग. बिटकॉइनची नोंदवही जानेवारी 2009 पासून चालू आहे आणि तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत. जुनी नोंद खोडायची असेल, तर नेटवर्कच्या निम्म्याहून अधिक संगणकीय ताकद एकाच्या हाती यावी लागते. बिटकॉइनच्या बाबतीत असा हल्ला आजवर कुणाला साधलेला नाही. पण म्हणून ‘कुठलीच ब्लॉकचेन’ फुटत नाही, असं म्हणता येत नाही. इथेरियम क्लासिक या तुलनेने लहान साखळीवर 2019 आणि 2020 मध्ये नेमके असेच हल्ले झाले आणि एकदा खर्च केलेली नाणी पुन्हा खर्च केली गेली.

चोराला मात्र नोंदवही फोडायची गरजच नसते. त्याला हवी असते तुमची प्रायव्हेट की. वॉलेटमध्ये नाणी नसतात. नाणी म्हणजे ब्लॉकचेनवरच्या नोंदी, आणि त्या नोंदी हलवण्याचा अधिकार म्हणजे ही की, एक प्रचंड मोठा गुप्त आकडा. तो अंदाजाने शोधणं अशक्य आहे. पण तो चोरला गेला, किंवा त्याच्या मालकाला फसवून सही करून घेतली, तर नेटवर्कच्या दृष्टीने तो व्यवहार पूर्णपणे वैध असतो. सही खरी आहे एवढंच नेटवर्क तपासतं. सही कुणी केली आणि कशी करवून घेतली, हे तपासण्याची सोय त्यात नाही.

आता स्वतःला विचारा, तुमची की कुठे आहे? तुम्ही एखाद्या एक्स्चेंजच्या अ‍ॅपवर नाणी घेतली आणि तिथेच ठेवली असतील, तर की तुमच्याकडे नाहीच. ती एक्स्चेंजकडे आहे. अ‍ॅपमध्ये दिसणारा आकडा म्हणजे ‘आम्ही तुम्हाला एवढं देणं लागतो’ अशी त्या कंपनीच्या दप्तरातली नोंद. रोजची खरेदी-विक्रीही बहुतेक वेळा त्या दप्तरातच होते, ब्लॉकचेनपर्यंत पोचतसुद्धा नाही. ज्या ब्लॉकचेनच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त आहात, तिला तुमचं नावही ठाऊक नाही.

18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. ज्या वॉलेटमधून ती गेली त्याला एक सही पुरत नव्हती. त्याला अनेक सह्या लागत आणि त्यातली एक बाहेरच्या कस्टडी कंपनीची असे. तरीही चोरी झाली, कारण सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि प्रत्यक्षात सही होत होती दुसऱ्यावर. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी 2025 मध्ये संयुक्त निवेदन काढून या चोरीचं खापर उत्तर कोरियावर फोडलं. पुढच्याच महिन्यात, 21 फेब्रुवारी 2025 रोजी, बायबिट या दुबईस्थित एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथेरियम गेलं. पद्धत तीच, आणि एफबीआयने नाव घेतलं तेही उत्तर कोरियाचंच. दोन्ही वेळा इथेरियमची ब्लॉकचेन अगदी शाबूत होती. तिला मिळालेले आदेश तिने बिनचूक पाळले, आणि ते चोरांचे आदेश होते.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो : “मग काय, पैसे परत मिळतातच की.” इथे चोरी आणि भावातली चढउतार हे दोन विषय एकमेकांत गुंततात, आणि नेमका हाच भाग कुणी समजावून सांगत नाही.

वझीरएक्सने पैसे काढणं थांबवलं, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. चोरीच्या दिवशी बिटकॉइन 65 हजार डॉलरच्या आसपास होता. 2024 च्याच डिसेंबरमध्ये तो लाखाच्या पुढे गेला. ग्राहक मधले पंधरा महिने नुसते बघत राहिले. भाव चढताना विकता आलं नाही आणि उतरताना निसटता आलं नाही. शिवाय नुकसान सगळ्यांवर वाटलं गेलं. ज्याचं नाणं चोरीलाच गेलं नव्हतं, त्याच्याही शिलकीला कात्री लागली.

एफटीएक्सचं उदाहरण याहून बोलकं आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ही एक्स्चेंज बुडाली. तिथे कारण हॅकिंगचं नव्हतं. ग्राहकांचा पैसा मालकांनीच दुसरीकडे वळवला होता आणि संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड याला मार्च 2024 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली. पुढे बातमी आली की ग्राहकांना शंभर टक्क्यांहून जास्त परतावा मिळणार. ऐकायला छान वाटतं. पण न्यायालयाने दाव्यांची किंमत धरली ती दिवाळखोरीच्या दिवशीची, एका बिटकॉइनला सुमारे 16,900 डॉलर. ज्याचा एक बिटकॉइन तिथे होता, त्याला फेब्रुवारी 2025 मध्ये व्याज धरून साधारण 20 हजार डॉलर मिळाले. त्या दिवशी बाजारात बिटकॉइन 95 हजारांच्या आसपास होता. कागदावर पूर्ण भरपाई झाली, हातात आला पाचवा हिस्सा.

त्याहीआधीची टोकियोची माउंट गॉक्स घ्या. फेब्रुवारी 2014 मध्ये तिने सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं जाहीर केलं. त्यातले दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. ते ग्राहकांना वाटायला सुरुवात झाली जुलै 2024 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी.

बँकेशी तुलना करून पाहा. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच आहे. पीएमसी बँकेच्या ठेवीदारांनी काय सोसलं हे मुंबईकर विसरलेले नाहीत, पण निदान त्यांच्यामागे एक कायदा आणि एक नियामक होता. तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार तुमच्यावर जबाबदारी येत नाही. क्रिप्टोसाठी भारतात यातलं काहीही नाही.

मग नाणी स्वतःकडे ठेवावीत का? लांब मुदतीसाठी ठेवायची आणि रक्कम मोठी असेल, तर होय. मात्र तेव्हा बँक, चौकीदार आणि तिजोरी या तिन्हींची कामं तुमच्यावर येतात. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे की जपणारं उपकरण, थेट बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या, कुणाचं वापरलेलं नको. ते सुरू करताना 12 किंवा 24 शब्दांची सीड फ्रेज मिळते. ते शब्द म्हणजेच तुमची सगळी नाणी, उपकरण हरवलं तरी त्यांच्यावरून सगळं परत उभं करता येतं. ते हाताने कागदावर लिहा आणि दोन वेगळ्या सुरक्षित जागी ठेवा. फोटो काढू नका, ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाही पाठवू नका. कुठलीही खरी कंपनी हे शब्द कधीही विचारत नाही. विचारणारा चोरच असतो, मग तो फोनवर कितीही सभ्य बोलो. मोठी रक्कम पाठवण्याआधी थोडी पाठवून बघा आणि पत्ता उपकरणाच्या पडद्यावर पूर्ण वाचा. चोर मिळत्याजुळत्या सुरुवातीचे आणि शेवटचे पत्ते मुद्दाम तयार करून तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात. एक्स्चेंजच्या खात्याला एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. आणि तुमच्या पश्चात हे सगळं कुठे आहे, हे घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या.

हे शेवटचं उगाच सांगत नाही. क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातल्या एक्स्चेंजचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर 2018 मध्ये जयपूरला वारला, आणि ग्राहकांना सांगण्यात आलं की पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक होते. ओंटारिओच्या रोखे आयोगाने 2020 च्या अहवालात दाखवून दिलं की बहुतेक पैसा त्याने आधीच उधळला होता. तरीही पासवर्डची सबब लोकांना पटली, कारण ती पूर्णपणे शक्य कोटीतली आहे. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क 2013 मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची की होती. कचरा डेपो उकरू द्यावा म्हणून तो वर्षानुवर्षं लढला आणि जानेवारी 2025 मध्ये ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“बिटकॉइन 2 कोटी 10 लाखच निघणार, म्हणून भाव चढतच राहणार.” मर्यादा पुरवठ्याला आहे, मागणीची हमी नाही. पुरवठा हलत नाही, म्हणून मागणीतला प्रत्येक धक्का थेट भावावर बसतो. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलर, वर्षभरात 16 हजारांच्या खाली, ऑक्टोबर 2025 मध्ये सव्वा लाखाच्या वर, आणि दीड महिन्यात पुन्हा 90 हजारांच्या खाली. आपल्या शेअर बाजारात निर्देशांक 10 टक्के हलला की व्यवहार थांबवतात. हा बाजार रात्रंदिवस उघडा असतो आणि त्याला असा लगाम नाही. त्यात उधारीवर सौदे करणाऱ्यांचे सौदे भाव पडताच आपोआप कापले जातात आणि पडझड आणखी वाढते.

“पडलेला भाव कधीतरी वर येतोच.” मे 2022 मध्ये लुना 80 डॉलरवरून काही दिवसांत शून्यावर आला. गुंतवणूकदारांचा पैसा त्यातून वर आलेला नाही.

“स्टेबलकॉइनला धोका नाही.” लुनासोबत बुडालेला टेरायूएसडी हा स्टेबलकॉइनच होता. त्यामागे डॉलर ठेवलेले नव्हते.

“सरकार कर घेतं म्हणजे मान्यता आहे.” एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. पण तेवढ्याने क्रिप्टो चलन ठरत नाही, आणि त्यात पैसा बुडाला तर सरकार जबाबदारही नाही.

“क्रिप्टो निनावी असतं, चोर सापडत नाहीत.” नोंदी सगळ्यांना दिसतात. बिटफिनेक्समधून 2016 मध्ये चोरलेल्या बिटकॉइनपैकी सुमारे 94 हजार अमेरिकी तपासयंत्रणांनी 2022 मध्ये जप्त केले. मात्र इतकी चिकाटी दोन-चार लाखांच्या चोरीच्या वाट्याला येईल, अशी आशा धरू नका.

“पोलिसांत गेलं की व्यवहार उलटा फिरवता येतो.” पोलिसांना तो फिरवता येत नाही. तरीही पहिल्या तासात 1930 वर तक्रार करा, कारण चोरीची नाणी एखाद्या एक्स्चेंजवर पोचली असतील तर तिथे गोठवता येतात.

“दरमहा ठरावीक परतावा देणारी क्रिप्टो योजना असते.” गेनबिटकॉइनने 18 महिने दरमहा 10 टक्क्यांचं आमिष दाखवलं आणि पुण्यासह देशभरातल्या लोकांना बुडवलं. त्याच प्रकरणाच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच 2022 मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जप्तीतले बिटकॉइन परस्पर वळवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. ज्याच्या हाती की, त्याच्या हाती नाणी. तपासाच्या कामातही हा नियम बदलत नाही.

क्रिप्टो घ्यावं की नाही, हा प्रत्येकाचा निर्णय. पण घेतलं असेल तर दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे असलीच पाहिजेत : माझी की कुणाकडे आहे, आणि ही सगळी रक्कम उद्या शून्य झाली तर माझं घर चालेल का? पहिल्याचं उत्तर ‘एक्स्चेंजकडे’ असेल, तर रोजच्या व्यवहाराला लागेल तेवढंच तिथे ठेवा. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर गुंतवलेली रक्कम कमी करा, आणि भाव चढायची वाट न बघता करा.